काकू म्हणाल्या, दगड पहिल्यासारखा करा

पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी लेव्हल डिझाइन करतो. त्या दिवशी चाचणीला एका सहकाऱ्याची आई आली होती. निवृत्त गणित शिक्षिका. फोनवर कोडी सोडवायची सवय, पण कंट्रोलर हातात पहिल्यांदाच. गेमने सुरुवातीलाच विचारलं: सोपं, मध्यम की कठीण? काकू म्हणाल्या, "अहो, खेळल्याशिवाय कसं सांगू?" मग मध्यम निवडलं.

तिसऱ्या लेव्हलला मागून दगड गडगडत येतो आणि पुढे दरी असते. काकू पडत राहिल्या. खेळाडू वारंवार मेला की दगडाचा वेग गुपचूप कमी व्हायचा; हे असावं की नसावं यावर आमच्यात आधीपासून वाद होता. युक्ती जुनीच आहे. २००५च्या 'रेझिडेंट ईव्हिल ४'मध्येही खेळाडू कसा खेळतोय ते पाहून शत्रू सौम्य किंवा कडक होतात, आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. काकूंना लागला. कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाल्या, "दगडाचा वेग कमी केलात ना? पहिल्यासारखा करा. मी का पडतेय, तेवढं सांगा."

मग रेकॉर्डिंग एकेक फ्रेम सरकवत पाहिलं. पाय कड्यावरून सुटायचा आणि चार फ्रेमनंतर उडीचं बटण दाबलं जायचं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे उशीर ७० मिलिसेकंदही नाही. काकूंच्या लेखी त्या अजून कड्यावरच होत्या! दगडाचा यात काडीचाही संबंध नव्हता.

'सेलेस्ट' हा कठीण म्हणून गाजलेला गेम, पण तोही कडा सुटल्यावर क्षणभर उडी मान्य करतो. या सवलतीला आमच्याकडे 'कायोटी टाइम' म्हणतात. प्रोग्रामरने तिथल्या तिथे सहा फ्रेमची मुभा घातली, दगड मूळ वेगावर आणला. काकू थोड्याच वेळात दरीपलीकडे होत्या आणि पुढची लेव्हल मागत होत्या.

दोन्ही बदल खेळाडूला न सांगता केलेले, तरी मला ते एका पंगतीतले वाटत नाहीत. दगड हळू केला की खेळाडूकडून कमी अपेक्षा ठेवली जाते. सहा फ्रेम दिल्या की त्याने मनात ठरवलेली उडी पडद्यावर उतरते. अपेक्षाच कमी करायची असेल, तर ती उघडपणे करावी. 'हेडीज'मध्ये गॉड मोड खेळाडू स्वतः चालू करतो: सुरुवातीला इजा २० टक्के कमी, मग दर मृत्यूला आणखी २ टक्के, कमाल ८० टक्के. सगळं डोळ्यांदेखत.

त्याच आठवड्यात आम्ही काठिण्याचा प्रश्न सुरुवातीहून काढून तिसऱ्या लेव्हलनंतर ठेवला. दगडाचा वेग आता सेटिंगमध्ये दिसतो, आणि खेळाडूने बदलल्याशिवाय बदलत नाही.