हजेरी

टूर मॅनेजर माणसांना नावाने कमी आणि सीट नंबराने जास्त ओळखतो. बस सुटण्याआधी मी "एक!" म्हणून ओरडायचं आणि मागून दोन, तीन करत गाडी बत्तीसपर्यंत यायची. २०१९च्या नोव्हेंबरात कंबोडियाला नेलेला ग्रुप यात तरबेज होता. अंकोरवाट बघून मंडळी खूश होती. राजधानी नॉम पेन्हच्या कार्यक्रमपत्रिकेत एवढंच छापलेलं : 'तुओल स्लेंग म्युझियम, दीड तास. नंतर भारतीय जेवण.' आदल्या रात्री मी "थोडं गंभीर आहे हं" म्हणून विषय संपवला होता. चूक माझीच.

फाटकातून आत गेलं की दिसते ती शाळा. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, अंगणात पांढरा चाफा. आमच्यात सांगलीकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. म्हणाल्या, "अगदी आमच्या हायस्कूलसारखंच की रे!" हायस्कूलच होतं ते. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट संघटनेने, शहर घेतलं, माणसं खेड्यांकडे हाकलून ते ओस पाडलं आणि पुढे या शाळेत एस-२१ नावाचा तुरुंग थाटला. मुलांच्या व्यायामाच्या खांबाला कैदी उलटे टांगायचे. शुद्ध हरपली की खालच्या रांजणातल्या घाण पाण्यात डोकं बुडवायचे.

तळमजल्यावरच्या वर्गांत ओबडधोबड विटांच्या कोठड्या आहेत. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. भिंतीवर फळा तसाच. "फळा नाही काढला यांनी," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. गाईडने सांगितलं, तुरुंगाचा प्रमुख डुच आधी गणिताचा मास्तर होता. बाईंचाही विषय गणितच.

"कुठल्या शाळेत?" त्यांनी विचारलं.

गाईडला प्रश्नच कळला नाही. त्या पुढे निघून गेल्या.

इथे अंदाजे १४ ते १८ हजार माणसं आणली गेली. छळून कबुलीजबाब लिहून घ्यायचे, टाइप करायचे आणि मग बहुतेकांना शहराबाहेर 'चोएंग एक' नावाच्या ठिकाणी खड्ड्यांवर नेऊन मारायचे. जानेवारी १९७९मध्ये व्हिएतनामी फौजा शिरल्या, तोवर मोजकेच जिवंत उरले होते. चुम मेय त्यांतले एक. टाइपरायटर दुरुस्त करता यायचे, म्हणून वाचले. कबुलीजबाबांसाठी यंत्रं चालू राहायला हवी होती ना!

पण मी अडकलो फोटोंच्या दालनात. आलेल्या कैद्याचा फोटो काढायची पद्धत होती. बायका, म्हातारे, शाळकरी पोरं. पुष्कळांच्या छातीवर नंबर. एका पोराच्या अंगात सदरा नाही, तर नंबराची पिन सरळ कातडीत खुपसलेली. त्याचा चेहरा मात्र रडवेला नाही, नुसता कॅमेऱ्याकडे बघतोय.

हॉटेलवाल्याचे जेवणासाठी दोन फोन येऊन गेले. बसमध्ये सगळे आपापल्या जागी बसले, एसी सुरू झाला. मी पुढे उभा राहिलो आणि "एक" काही तोंडातून निघेना. मग आडनावं घ्यायला लागलो. जोशीकाका, काकू, पाटीलसाहेब... सोळापर्यंत बरं चाललं. खिडकीशी त्या मुख्याध्यापिका बसलेल्या. आठ दिवस मी त्यांना 'सतरा नंबर' म्हणत होतो. नाव आठवेना.

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी बॅगेतून यादी काढली.