दिवाळी ते होळी: पन्नाशीनंतर पळायला लागणाऱ्यांची १९ आठवड्यांची नोंद

विदर्भात पळणं सुरू करायला दिवाळीच्या अमावस्येसारखा मुहूर्त नाही. सोयाबीन घरात आलेलं असतं, पाऊस गेलेला असतो, पांदण (वावराकडे जाणारी वाट) वाळलेली असते. या अमावस्येपासून होळीपौर्णिमेपर्यंत साडेचार चांद्र महिने होतात. म्हणजे १३३ दिवस, १९ आठवडे. होळी झाली की पारा चाळिशीकडे चढतो आणि नवशिक्याला शिकण्यासारखे दिवस उरत नाहीत. म्हणून सगळा हिशेब या १९ आठवड्यांत बसवला आहे. होळीला सलग ३० मिनिटं, बोलता येईल इतक्या हळू पळता यावं, एवढंच लक्ष्य. अंतर साडेतीन ते चार किलोमीटर भरतं. पाच किलोमीटरचा हट्ट पहिल्या हंगामात धरू नये.

का धरू नये, ते नीट समजून घ्या. दम लवकर वाढतो. सहा-आठ आठवड्यांत छाती म्हणते, अजून पळू. पण टाचेमागची कंडरा, जिला गावात टाचेची नस म्हणतात, ती महिन्यांच्या हिशेबानं घट्ट होते आणि पन्नाशीनंतर आणखी सावकाश. दम पुढे निघून जातो, नस मागे राहते आणि बहुतेक दुखापती या दोघींतल्या अंतरात होतात. कास्तकार माणसाला हे पटायला जड जातं, कारण तो दिवसभर वावरात चालतो. त्याचे पाय पक्के असतात, पण चालण्याला, वाकण्याला, उकिडवं बसण्याला. आदळण्याला ते पक्के नसतात. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. टाचेच्या कंडरेवर तर तो सहा पटींच्या वर जातो. चालण्यात हा ताण तिला इतका कधीच आलेला नसतो.

सुरू करण्याआधी बीपी, शुगर आणि ईसीजी करून घ्या. बीपीसाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलची गोळी चालू असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका, ही गोळी नाडी दाबून ठेवते. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळताना साखर उतरू शकते. खिशात ग्लुकोज असू द्या, डोस आणि खाण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि रात्री तळपाय पाहायची सवय लावा. आपल्या भागात आणखी एक तपासणी महत्त्वाची आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. वाहक असलेल्या माणसाला एरवी काही जाणवत नाही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना जोर लावला तर तो कोसळू शकतो. वाहकानं हळू पळायला हरकत नाही. जोराच्या धावा मात्र टाळाव्यात, आणि मांड्या एकाएकी जड व ढिल्या पडल्या की तिथल्या तिथं थांबावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, यांपैकी काहीही झालं तर बसा आणि १०८ ला फोन लावा.

रस्ता निवडताना मुरमाचा किंवा कॅनॉलच्या पाळीवरचा सपाट रस्ता सगळ्यात बरा. गावातला सिमेंट रस्ता शेवटचा पर्याय. काळी माती ओली असेल तर बुटाला चिकटून वजन वाढवते आणि घोटा वळवते, वाळली की तिच्या भेगांत पाय अडकतो. पांदणीला सराटे असतात. ते तळव्याच्या रबरात घुसून बसतात आणि चार दिवसांनी आत टोचायला लागतात, म्हणून घरी आल्यावर बूट उलटा करून पाहावा. अंधारात धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं पळू नये. रानडुकरासाठी कुठं झटका मशीनची तार असते, कुठं कुणी सरळ लाइनचा करंट सोडलेला असतो आणि ती तार अंधारात दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाला लागून असलेल्या गावांत उजाडल्यावरच, तेही सोबतीनं, मोकळ्या रस्त्यावर पळावं. तूर-हरभऱ्यावर फवारणी चालू असेल तर त्या वावराच्या वाऱ्याखालून जाऊ नका, पळणारा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो.

आता आठवडे. नोंदीत ‘१/२ × ८’ असं लिहिलं की अर्थ असा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. आधी १० मिनिटं आणि शेवटी ५ मिनिटं चालणं धरलेलंच आहे. आठवड्यात पळायचे दिवस तीन, दोन पळण्यांत एक दिवस मोकळा.

पहिले दोन आठवडे पळायचंच नाही. ३० मिनिटं झपझप चालणं, आठवड्यातून चार दिवस. ज्यांना हे दोन आठवडे वाया वाटतात, तेच पुढे पाय धरून बसतात. तिसरा-चौथा आठवडा १/२ × ८. पाचवा-सहावा २/२ × ६. सातवा हलका, परत १/२ × ६. आठवा-नववा ३/२ × ५. दहावा ४/२ × ५. अकरावा हलका, ३/२ × ३.

वेग ओळखायला यंत्र लागत नाही. सोबत्याशी कापसाच्या भावाबद्दल एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न तोडता बोलता आलं पाहिजे. तुटलं तर हळू व्हा, शेजारून कुणी चालत पुढे गेला तरी चालेल. एक मिनिटभर फक्त उजवं पाऊल मोजा. आकडा ७५ च्या खाली असेल तर तुम्ही टांगा फार लांब टाकताय. टाच अंगाच्या पुढे पडते आणि धक्का गुडघ्यात जातो. पाऊल छोटं करा आणि आकडा ८० च्या आसपास आणा, वेग मात्र वाढवू नका. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्या बऱ्याच जणांना एवढ्यानंच फरक पडतो.

पाचवा ते दहावा आठवडा हा खरा धोक्याचा. दुखणं तीन ठिकाणी येतं. पोटरीत मधोमध एकदम चमक निघाली, कुणी मागून दगड मारल्यासारखं वाटलं, तर तो स्नायू फाटलेला आहे. तिथंच थांबा, चोळू नका, चालताना दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पळणं बंद. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर मिनिटं फार लवकर वाढवलेली आहेत, दोन आठवडे मागे या. बोट ठेवून एकाच बिंदूवर दुखत असेल तर मात्र हाडाला बारीक तडा असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

तिसरं ठिकाण टाचेची नस. हिचं दुखणं फसवं असतं. पळताना अंग तापलं की ते नाहीसं होतं आणि माणूस समजतो की बरं झालं. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. खाटेवरून उतरल्यावर अंगणापर्यंतची पहिली दहा पावलं लक्ष देऊन टाका आणि टाचेच्या ताठरपणाला ० ते १० मधला आकडा द्या. ३ पर्यंत आणि कालच्याइतकाच असेल तर ठरलेलं पळा. कालच्यापेक्षा वाढला असेल तर त्या दिवशी फक्त चाला. सलग तीन दिवस ३ च्या वर राहिला तर एक पूर्ण आठवडा मागे.

नस घट्ट करायचा व्यायाम दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करावा, दुखायची वाट पाहू नये. घराच्या ओट्याच्या पायरीवर पंज्याच्या पुढच्या भागावर उभे राहा, टाचा बाहेर मोकळ्या, एक हात खांबाला. दोन्ही पायांनी वर उठा, मग एक पाय उचलून दुसऱ्या पायावर सावकाश, तीन आकडे मोजत, टाच पायरीच्या खाली उतरवा. एका पायाला १५ वेळा, असे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. सुरुवातीला दोन्ही पायांवरच उतरा, दोन आठवड्यांनी एका पायावर. फायदा दिसायला बारा आठवडे लागतात आणि बहुतेक जण चौथ्या आठवड्यात सोडतात. पळण्याचा एखादा दिवस चुकला तरी चालेल, हा व्यायाम चुकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. टाचेच्या हाडालाच, बुटाची कड लागते तिथं दुखत असेल तर मात्र पायरीखाली न उतरता सपाट जमिनीवर करा.

बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे एक बोट जागा हवी. जन्मभर चप्पल घातलेला पंजा रुंद होतो, तेव्हा रुंदीकडे आधी पाहा. टाच पंज्यापेक्षा ८-१० मिलिमीटर उंच असलेला बूट नसेवरचा ताण कमी करतो, सपाट कॅनव्हास तो वाढवतो. जोडी ५०० ते ८०० किलोमीटर जाते. पहिल्या हंगामात तेवढं पळणं होतच नाही, एक जोडी पुरे.

पौष-माघात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. आखडलेली पोटरी तेव्हाच फाटते आणि बीपीही थंडीत चढतं. उन्हं आल्यावर सातच्या पुढे निघा आणि आधीचं चालणं १० ऐवजी १५ मिनिटं करा. संध्याकाळी कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे लाइट नसतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून पळा.

बारावा आठवडा ५/२ × ४, तेरावा ७/२ × ३, चौदावा ८/२ × ३, पंधरावा हलका ५/२ × ३, सोळावा १२/२ × २. सतराव्यात १५ मिनिटं पळणं, २ चालणं, १० पळणं. अठराव्यात २०, २, ८. एकोणिसाव्यात सलग ३०. इथवर नस टिकली असेल तर शेवटचे चार आठवडे सोपे जातात.

वहीत चार रकाने पुरतात: तिथी, पळणं, सकाळचा टाचेचा आकडा आणि त्या दिवशीचं शेतातलं काम. एक ओळ अशी दिसते:

मार्गशीर्ष व. १० | ३/२ × ५ | टाच २ | कापूस वेचणी अर्धा दिवस

चौथा रकाना सोडू नका. दिवसभर वाकून कापूस वेचला की मांडीची मागची बाजू आणि कंबर ताणलेली असते. त्यावर पळणं चढवलं की दुखणं पळण्याच्या नावावर जातं, पण कारण वेचणीत असतं. हा रकाना नसेल तर ते कधी कळतच नाही.

होळीनंतर आठवड्यातून दोनदा, २० मिनिटं, उजाडताच. निघण्याआधी एक पेला पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक. बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर ते बिनमिठाचं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पळणं बंद, फक्त पायरीवरचा व्यायाम. खंड एका आठवड्याचा असेल तर तोच आठवडा पुन्हा करा, दोन-तीन आठवड्यांचा असेल तर तीन आठवडे मागे या. महिन्याच्या वर गेला तर पुन्हा १/२ × ८ पासून.