रात्रीची फोटोग्राफी: आतापर्यंतच्या प्रयोगांच्या नोंदी

रात्रीचे फोटो शिकायला घेतले तेव्हा एक पद्धत ठरवली. एका रात्री एकच प्रश्न घ्यायचा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि त्या एकाच गोष्टीत बदल करत फोटो काढायचे. शटर (प्रकाश किती वेळ घ्यायचा), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं), आयएसओ (प्रकाशाचा संकेत किती वाढवायचा) तिन्ही एकदम फिरवले तर एखादा फोटो सुरेख येतो, पण तो का आला ते कळत नाही. कॅमेऱ्याचे आकडे फाइलमध्ये आपोआप नोंदले जातात. चंद्र किती वर होता, हवेत दमटपणा किती होता, फोकस कोणत्या ताऱ्यावर केला, हे मात्र कुठेच राहत नाही. त्यासाठी वही हवीच. त्या वहीतलं इतरांना उपयोगी पडेल असं वाटतं ते इथे देत आहे. साधनं अशी: २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिमी एफ/२.८ लेन्स आणि वजनदार ट्रायपॉड.

सर्वांत जास्त रात्री गेल्या त्या ताऱ्यांच्या रेघांवर. तारे ठिपक्यांसारखे यावेत, त्यांच्या रेघा होऊ नयेत, म्हणून ५०० चा नियम सांगितला जातो: ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीतला आकडा) भागा, येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. २४ मिमीला हे २१ सेकंदांच्या आसपास येतं. आता हिशोब करून पाहू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळचा) तारा दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा आहे आणि २४ मिमीच्या लेन्सवर तो साधारण ५० विकला आकाश व्यापतो. २० सेकंदांत तारा ३०० विकला सरकला, म्हणजे सहा पिक्सेल. फोटो फोनवर बघायचा असेल तर हे जाणवतही नाही. मोठा प्रिंट काढायचा असेल तर लगेच दिसतं.

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, म्हणून चाचणीसाठी तोच घेतला. ५, १०, १५, २० आणि २५ सेकंद, आयएसओ तोच, फोकस तोच. १० सेकंदांपर्यंत तारे पूर्ण आकारातही गोल वाटतात, १५ ला लांबट होऊ लागतात, २० ला सरळ रेघ. मग तीच मालिका सप्तर्षींवर केली आणि तिथे १५ सेकंदही सहज चालून गेले. कारण साधं आहे: ध्रुवाजवळचे तारे तेवढ्याच वेळात लहान वर्तुळ काढतात. सप्तर्षींचा वेग मृगाच्या बाणाच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरतो. म्हणजे कॅमेरा आकाशाच्या कोणत्या भागाकडे रोखला आहे यावर मर्यादा बदलते, आणि ५०० च्या नियमात या गोष्टीला जागाच नाही.

एनपीएफ सूत्र यापेक्षा बरंच प्रामाणिक वाटलं. त्याचं सोपं रूप असं: एफ-क्रमांकाला (एफ/२.८ मधला २.८) ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज फोकल लेंग्थने भागा. माझ्या जोडीला साडेअकरा सेकंदांच्या आसपास उत्तर येतं आणि ते मृगावरच्या चाचणीशी जुळतं. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पिक्सेल लहान असतात, त्यामुळे वेळ आणखी कमी होतो. तरीही माझा आग्रह राहील की सूत्रावर थांबू नका, स्वतःच्या लेन्सवर ही पाच फोटोंची मालिका एकदा काढाच. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या कितीतरी रात्री त्यावर उभ्या राहतात.

फोकसबद्दल थोडक्यात. लेन्सवरची अनंताची खूण आणि खरा अनंत यांत फरक असतो, आणि रात्रभरात तापमान उतरलं की खरा बिंदूही किंचित हलतो. व्याध, अभिजित यांसारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) जास्तीत जास्त मोठा करायचा, मॅन्युअल फोकसची कडी हळू फिरवायची आणि तारा लहानात लहान होतो तिथे थांबायचं. कडी एकदा त्या बिंदूच्या पलीकडे नेऊन परत आणली की नेमकी जागा जास्त खात्रीने सापडते. मी हे तासातासाने पुन्हा तपासायचा नियम ठेवला आहे. बाहतिनोव मास्कही (फोकस तपासायला लेन्सपुढे लावायची खाचांची चकती) वापरून पाहिला. लांब फोकल लेंग्थवर तो फार उपयोगी आहे, पण २४ मिमीवर त्याच्या रेषा इतक्या बारीक दिसतात की डोळ्यांवरच भरवसा ठेवणं बरं.

डोळ्यांवर भरवसा नको ती जागा म्हणजे कॅमेऱ्याचा स्क्रीन. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि त्यानंतर मंद फोटोही स्क्रीनवर उजळ भासतो. घरी उघडला की तोच फोटो काळाकुट्ट. म्हणून स्क्रीनचा उजेड सगळ्यात खाली ठेवायचा आणि निर्णय हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) पाहून घ्यायचा. आकाशाचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटून एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर आला की मला पुरेसा वाटतो. डोक्याला लाल दिव्याची बॅटरी, तीही अगदी मंद.

चांदण्याचा प्रयोग मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण त्यात आधी गणित मांडता आलं. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्यप्रकाशाच्या साधारण चार लाखांवा भाग असतो. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद चालतं. त्याच्या चार लाखपट म्हणजे ४००० सेकंद. अ‍ॅपर्चर एफ/२.८ केलं की पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मिळतात आणि ४००० चे १२५ सेकंद होतात. आयएसओ ८०० वर नेलं की उरतात सुमारे १५. चंद्र माथ्यावर असताना नेमके हेच आकडे लावले आणि फोटो दिवसासारखा आला: निळं आकाश, हिरवी झाडं, फक्त आकाशात तारे. कागदावरचा आकडा असा प्रत्यक्षात उतरलेला पाहताना फार आनंद झाला. रात्र रात्रीसारखी वाटावी म्हणून मग दोन स्टॉप कमी केले. मला तोच फोटो जवळचा वाटतो. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला मात्र उजेड निम्मा धरू नका. तो पौर्णिमेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त फरक.

चंद्राचाच फोटो हवा असेल तर सगळं उलट. त्याच्यावर थेट ऊन पडलेलं असतं, त्यामुळे आयएसओ १०० ला एफ/११ आणि १/१०० पासून सुरुवात करावी. एवढ्या एक्सपोजरमध्ये तारे येतच नाहीत.

नॉइजवर, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणावर, सध्या काम चालू आहे. आयएसओ वाढवल्याने नॉइज येतो असं सर्रास म्हटलं जातं. मुळात तो कमी प्रकाशामुळे येतो. हे तपासायला शटर १० सेकंद कायम ठेवून आयएसओ १६०० आणि ६४०० असे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढले आणि पहिला संगणकावर दोन स्टॉप उजळला. दोन्हींत फरक जेमतेम, उलट १६०० च्या फोटोत ठळक ताऱ्यांचे रंग टिकून राहिले. हे कॅमेऱ्यागणिक बदलतं, तेव्हा आपापल्या कॅमेऱ्यावर करून पाहावं. खरा फायदा स्टॅकिंगचा, म्हणजे एकाच दृश्याचे अनेक फोटो एकत्र करण्याचा. नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १६ फोटो एकत्र केले की चौथा हिस्सा उरतो. सिरिल आणि सिक्वेटर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. सिक्वेटरमध्ये आकाश आणि जमीन वेगळी धरता येते, म्हणून निसर्गदृश्यासाठी आधी ते घेतलं.

ताऱ्यांची वर्तुळं काढताना ३० सेकंदांचे फोटो एकामागून एक घ्यायचे आणि लाइटन पद्धतीने (प्रत्येक जागी सर्वांत उजळ पिक्सेल ठेवून) एकत्र करायचे. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन त्या वेळी बंद हवं. नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डार्क फ्रेम (शटर बंद ठेवून काढलेला काळा फोटो) घेत बसतो आणि रेघा तुटक येतात. दोन तासांत ३० अंशांची कमान मिळते. एवढ्या वेळात लेन्सवर दव धरतं, म्हणून पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सला गुंडाळणं सोयीचं.

आता ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं साधन) घरीच बनवायला घेतला आहे. दोन फळ्या, एक बिजागरी आणि आट्यांमध्ये १ मिमी अंतर असलेला एम६ स्क्रू. स्क्रू मिनिटाला एक फेरा फिरवायचा असेल तर बिजागरीपासून त्याचं अंतर २२८.५ मिमी यावं लागतं, कारण आकाश २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतं. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत आहे, त्यामुळे २४ मिमीला तेवढा नेम पुरेल असा अंदाज आहे. पहिली चाचणी मृगाच्या बाणावरच, एका मिनिटाच्या एक्सपोजरने. तारे गोल आले की दोन मिनिटं, मग चार.