चतुर्दशीचं गॅदरिंग

आमच्या गॅदरिंगची तारीख हेडमास्तर काढायचे, ती पंचांग उघडून. मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीकाठी आमची शाळा, आणि निम्मी पोरं पलीकडच्या वाड्यांतली, तरीतून येणारी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आम्हाला पावकी-निमकीच्या आधी यायचा. चतुर्दशी म्हणजे साडेदहा. सकाळच्या पाण्यावर मंडळी यायची, रात्रीच्या पाण्यावर चांदण्यात परत. म्हणून गॅदरिंग दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, दरवर्षी.

दुपारी पलीकडची पोरं आमच्याकडे जेवायला. आई कुळथाची पिठी आणि भात करायची, आणि माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाढायची. हा राग मी अजून पुरता सोडलेला नाही.

जाखडीचा नाच स्टेजवर मावायचाच नाही. मृदंगवाला आणि गाणारे मधे बसायचे, एका पायात चाळ बांधून पोरं भोवती फिरायची. तिसऱ्या फेरीला बाकं जोडून केलेलं स्टेज कुरकुरायला लागायचं. मग सगळा लवाजमा गॅसबत्तीसकट मैदानात.

सातवीत असताना आम्ही राजापूरच्या वखारीचं नाटक बसवलं. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, त्याचा हिशेब महाराजांनी 1661 साली राजापुरात चुकता केला. आमच्याच तालुक्यातली गोष्ट, त्यामुळे उत्साह फार. इंग्रज सगळे पलीकडचे, कारण पावडरीचा डबा त्यांच्यातल्या एकाच्या घरचा होता. महाराज झालेला पोरगा मात्र भाषण आवरेना. टाळ्या पडल्या की पहिल्यापासून सुरू. तरवाला दोनदा विंगेत डोकावून गेला. तिसऱ्यांदा सरळ दरबारात येऊन उभा राहिला, "मास्तर, सुकती लागली. पानी कोनासाठी थांबनार नाय."

तरी शेवटचा प्रवेश झालाच. धक्क्यावर पोचलो तेव्हा होडी चिखलात कलंडलेली आणि खाडी मधोमध उरलेली.

वखारीचे सगळे कैदी त्या रात्री शाळेच्या पडवीत सतरंजीवर झोपले, महाराजांच्या शेल्यात दोघे-दोघे. सकाळी पेज प्यायला आमच्या ओटीवर बसले, तेव्हाही गालांवर पावडर होती. आजीने विचारलं, "ही कुणाची पोरं गं, इतकी गोरी?"