रबिंग-पॉलिश करताना क्लिअर कोट कसा वाचवायचा

पॉलिशने गाडीवर काही चढत नाही, गाडीवरचं थोडंसं उतरतं. वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग वर बसतं. पॉलिशमधले बारीक कण मात्र रंगाचा पृष्ठभाग घासतात आणि ओरखड्याच्या आजूबाजूची पातळी त्याच्या तळापर्यंत खाली आणतात. ओरखडा गेला असं आपल्याला वाटतं, तेव्हा खरं तर त्याच्या भोवतालचा थर गेलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा की घासायला मुळात आहे किती? कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंत रंगाची एकूण जाडी साधारण ९० ते १४० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात गंजापासून वाचवणारा ई-कोट, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे भाजी आणायच्या पातळ कॅरीबॅगइतका. त्यातला सगळा घासायला मोकळा आहे असंही नाही. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. थर फार पातळ झाला की खालच्या रंगापर्यंत ऊन पोचतं आणि काही वर्षांत टपावर, बॉनेटवर पांढरट चट्टे पडून पापुद्रे सुटायला लागतात. गाडीच्या पूर्ण आयुष्यात क्लिअर कोटमधले सात-आठ मायक्रॉन खर्च करायचे, त्यापलीकडे जायचं नाही, असा हिशोब धरावा.

आता खर्चाचा अंदाज. मऊ फोम पॅडवर फिनिशिंग पॉलिशचा एक हात मायक्रॉनभरही काढत नाही. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर मायक्रोफायबर पॅड आणि मध्यम कंपाउंड (जाड कणांचं पॉलिश) घेतलं तर एक-दोन मायक्रॉन जातात. रोटरी मशीन, लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड असेल तर तीन-चार सहज, आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर मारला तर त्याहूनही जास्त. म्हणून दर सर्व्हिसिंगला बिलात जोडलं जाणारं ‘रबिंग-पॉलिश’ स्पष्ट शब्दांत नाकारावं. वर्षाला एकदा लोकरी पॅड फिरला तर दोन-तीन वर्षांतच क्लिअर कोट धोक्याच्या पातळीवर येतो, आणि तोवर गाडी दरवेळी चकचकीतच दिसलेली असते.

मोजणीसाठी पेंट थिकनेस गेज मिळतं. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. पत्रा लोखंडी आहे की अ‍ॅल्युमिनियम, हे आधी पाहा, कारण साधं चुंबकी गेज अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेटवर चालत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर यातलं कुठलंच चालत नाही. शिवाय गेज एकूण जाडी दाखवतं, नुसत्या क्लिअर कोटची नाही. ११० हा आकडा आला तर त्यात क्लिअर ५० आहे की ३०, हे त्यावरून कळत नाही. तरी आकड्यांतला फरक बोलका असतो. सगळी गाडी ११०-१२० आणि एकच दरवाजा २२० दाखवत असेल तर तो पुन्हा रंगवलेला आहे. ४००-५०० च्या वर आकडा गेला तर खाली पुट्टी आहे. एखाद्या जागी ८० च्या खाली आला तर तिथे मशीन लावू नका. सेकंडहँड गाडीवर आधी किती वेळा रबिंग झालं हे कुणीच सांगत नाही, त्यामुळे तिथे हे मोजणं टाळूच नये.

जुन्या मारुती ८०० किंवा प्रीमिअर पद्मिनीसारख्या गाड्यांवरचा साधा सॉलिड रंग बहुधा क्लिअर कोटविना असतो. तिथे पॅडवर रंग येणं स्वाभाविक आहे. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र पॅडला गाडीचा रंग लागला तर हात तिथल्या तिथे थांबवा.

मशीन हातात घेण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण निम्मं काम तिथेच होतं. शॅम्पूने धुणं, ब्रेकची लोखंडी धूळ काढायला आयर्न रिमूव्हर, मग भरपूर ल्युब्रिकंट मारून क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी. रंगावर वाळूचा एक कण राहिला तरी पॅड तो गोलगोल फिरवतो आणि काढायला घेतलेल्या ओरखड्यांपेक्षा खोल ओरखडे पाडतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पॉलिशने काढायला जाऊ नका. ते क्षारांचे असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर ओला कपडा ठेवा आणि लगेच धुऊन टाका. त्यातून जे उरेल तो रंगात पडलेला खड्डा, तेवढ्यापुरतंच पॉलिश.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने घालवायच्या खोलीचा राहिलेला नाही. त्याच्या कडा जराशा बोथट करून सोडून द्यायचा. ग्राहकाला शंभर टक्के स्वच्छ रंग हवा असतो, पण बारीक ओरखड्यांची ऐंशी टक्के जाळी गेली की थांबणारा माणूसच गाडीचं भलं करतो. उरलेल्या वीस टक्क्यांना थराची किंमत फार पडते.

घरी काम करणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्या. तिचा पॅड फिरता फिरता हलतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. रोटरी एकाच अक्षावर फिरते. ती अनुभवी हातात उत्तम, पण नवख्या हातात काही सेकंदांत कडा जाळते आणि उन्हात दिसणारे होलोग्रामचे पट्टे सोडून जाते. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसतो ती चकती) कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम करताना रेघ फिरताना दिसायला हवी. थांबली की समजा दाब जास्त झाला किंवा पॅड वळणावर तिरका बसलाय. दाब साधारण चार ते सहा किलो पुरतो. तो कसा लागतो हे कळायला बंद मशीन वजनकाट्यावर दाबून पाहा.

आधी एकच चाचणीचा चौकोन घ्या, बॉनेटच्या मधोमध, दीड फूट बाय दीड फूट. मऊ पॅड आणि सगळ्यांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा. पॅडवर मटाराएवढे चार थेंब, आधी बंद मशीननेच ते पसरायचे, मग वेग चारवर. सेकंदाला एक इंच अशा चालीने आडवे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत, असे चार-पाच हात. पुसून टॉर्चने पाहा. जाळी तशीच असेल तर आधी पॅड बदला, मग पॉलिश. पॅड-पॉलिशची जी सौम्यातली सौम्य जोडी काम करेल तीच पूर्ण गाडीला. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा किंवा हवेने फुंका, आणि दोन-तीन पॅनेलनंतर पॅड बदला. भरलेला पॅड कापत कमी आणि तापवत जास्त.

क्लिअर कोट उडतो तो बहुतेक वेळा कडांवर. बॉनेटची कड, दरवाज्याची घडी, चाकावरची कमान, अंगावरून धावणारी कॅरेक्टर लाइन, हँडलभोवतीचा वळसा. ओला रंग अशा धारेवरून ओघळून खाली जातो, त्यामुळे थर तिथे मुळातच पातळ. त्यात पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर एकवटतो. म्हणून प्रत्येक धारेवर मास्किंग टेप लावा. पॅड धारेला समांतर चालवा, धार ओलांडून नाही. शेवटी टेप काढून तेवढी पट्टी हाताने, फिनिशिंग पॉलिशने, दोन-तीन हलके हात. बंपर आणि आरशांची कव्हरं प्लॅस्टिकची. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती धरून ठेवतं, त्यामुळे तिथे वेग कमी आणि हात दोनच. काळ्या खरखरीत ट्रिमवर आणि रबरावरही टेप हवीच, नाहीतर वाळलेलं पॉलिश त्यात बसतं आणि महिनोन्‌महिने पांढरं दिसत राहतं.

उष्णतेची परीक्षा तळहाताने करा. पत्र्यावर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर थांबा. एप्रिल-मे मध्ये उघड्यावर उभी केलेली गाडी दुपारी आधीच भाजते, त्यामुळे काम सकाळी आणि सावलीत. तापलेल्या रंगावर पॉलिश लगेच वाळतं, आणि वाळलेलं पॉलिश नुसती धूळ होऊन नवे ओरखडे पाडतं.

दर पॅनेल झालं की खरं काय दिसतंय ते तपासा. कित्येक पॉलिशांत तेल आणि भराव असतो. तो ओरखडे झाकतो आणि तीन-चार धुण्यांत उतरतो. केमिस्टकडच्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दुप्पट पाणी घालून मायक्रोफायबरने पुसा, मग उजेडात बघा. सर्व्हिसिंगनंतर काही आठवड्यांत ‘पुन्हा आलेले’ ओरखडे बहुधा गेलेलेच नसतात.

क्लिअर कोट उडाल्याची खूण अशी: मॅट दिसणारा, कडा स्पष्ट असलेला एक ठिपका. पाणी मारलं की तो दिसेनासा होतो, वाळलं की परत दिसतो. त्यावर अजून पॉलिश केलं तर रंगच उडेल. वॅक्सने तो काही दिवस लपेल, दुरुस्त होणार नाही. पेंटरकडून ते पॅनेल घासून घेऊन नवा क्लिअर मारून घेणं हाच मार्ग आहे. तोवर निदान सीलंट लावून गाडी उन्हापासून दूर ठेवा. छोट्या जागेवर टच-अप बाटलीतला क्लिअर तात्पुरता चालतो, मात्र त्याची कड दिसत राहते.

मॅट फिनिशच्या गाडीला यातलं काहीही लागू नाही. तिथे पॉलिश म्हणजे कायमचे चकाकते डाग.

काम संपल्यावर त्याच जागांवर गेज पुन्हा लावा आणि आधीच्या आकड्यांशेजारी तारीख घालून नवे आकडे लिहा. गेज स्वतःच एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे दाखवतं, म्हणून प्रत्येक जागेवर तीनदा मोजून सरासरी घ्या. हा कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या वेळी कुणी मशीन घेऊन उभा राहिला की आधी तो त्याला दाखवा.