पिवळी पट्टी

फोनवर एवढंच कळलं, "डॉक्टर, लवकर या, विष घातलंय माझ्या मेंढ्यांना." मागे आरडाओरडा चालला होता. पोचलो तेव्हा शेताच्या कडेला सात मेंढ्या मरून पडल्या होत्या, चार तडफडत होत्या, आणि मेंढपाळ व शेतमालक यांच्या मधे दोघं-तिघं हात पसरून उभे होते.

एका मेंढीची पापणी उलटली. आतून लालभडक. बाहुल्या विस्फारलेल्या. फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर त्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या. शिरेत सुई घातली, रक्तही तसंच लालचुटूक. मग मान वर करून शेत पाहिलं. ज्वारी कापून झालेली, खोडव्याला वीतभर फुटवे, शेंडे कुरतडलेले. किराळ लागली होती, कोवळ्या ज्वारीची विषबाधा.

त्यावरचा उतारा, सोडियम थायोसल्फेट, गाडीत होतं. दोन वाचल्या, दोन नाही.

"यानंच काहीतरी फवारलं," मेंढपाळ सोडायला तयार नव्हता.

"माझ्याच वैरणीवर? आणि ती तुझ्या मेंढ्यांनी खाल्ली त्याचं काय?"

तोंडी सांगून कोणी ऐकलं नसतं. मेलेल्या मेंढीच्या पोटातला चोथा एका बाटलीत, चुरडलेले फुटवे दुसरीत, दोन्हींत क्लोरोफॉर्मचे थेंब, वर सायनाइड ओळखणारी पिक्रेटची पिवळी पट्टी लटकवून बूच. बाटल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या आणि दोघांना जवळ बोलावलं. पट्ट्या आधी नारिंगी झाल्या, मग विटकरी. तेवढा वेळ मात्र कोणी शब्द काढला नाही.

मी समजावू लागलो. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यांत, डुरिन नावाचं द्रव्य असतं. चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तर फारच झपाट्याने. पीक दीड-दोन फुटांवर जाईपर्यंत जनावर आत सोडू नये...

"मला किराळ शिकवता, डॉक्टर?" मेंढपाळ म्हणाला. "जन्म गेला कळपामागे."

"मग आत घातल्या कशाला?"

त्यानं काठीनं कुंपण दाखवलं. कुंपण आणि नांगरट यांच्यात जेमतेम चार फूट. "इथून अख्खा कळप जायचा. दर साली नांगराचं एक तास सरकतंय. कुठून नेऊ?"

"नांगर वळवायला जागा लागते," शेतमालक म्हणाला. "आणि नकाशात दाखव ना वाट."

माझं काम खरं तर तिथे संपलं होतं. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं. खाली शेऱ्यात लिहायला घेतलं : कडेची वाट अरुंद झाल्याने कळप पिकात शिरला.

शेतमालक खांद्यावरून वाचत होता. "अरुंद झाली म्हणता, आधी केवढी होती ते तुम्ही पाहिलंय?"

पाहिलं नव्हतं. ते वाक्य खोडलं. गाडीतून टेप काढला, मेंढपाळाला एक टोक धरायला लावलं आणि लिहिलं : आजची रुंदी चार फूट दोन इंच.