शेवटच्या रांगेतून दिसणारा चेहरा

डिसेंबर लागला की आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर अभ्यास असा होतच नसे. एका वर्गात पोवाडा, वऱ्हांड्यात झिम्मा, मैदानावर लेझीम आणि चित्रकलेच्या वर्गात नाटकाची तालीम. गॅदरिंग! स्नेहसंमेलन हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर छापायचा. कोल्हापुरात तो कुणी तोंडाने म्हटल्याचं मला आठवत नाही.

१९८६ साली मी पाचवीत होते आणि नाटकात मला आजीचं काम मिळालं होतं. गॅदरिंगच्या दिवशी दुपारीच चित्रकलेच्या वर्गातली बाकं भिंतीला लागली. भाड्यानं पोशाख देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून आलेली गाठोडी एका कोपऱ्यात आणि खिडकीशी पत्र्याची ट्रंक उघडून बसलेले मेकअपमामा. त्यांची हयात स्टुडिओत गेलेली. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, प्रभातही १९२९ साली इथंच सुरू झाली. पुढं सिनेमा पुण्या-मुंबईकडे गेला, पण रंगाचा हात असलेली माणसं पेठापेठांतून उरली होती. थंडीच्या दिवसांत ती शाळाशाळांतून हिंडायची.

मामा आले की पहिल्यांदा वर्गातली ट्यूब बंद करायचे आणि बरोबर आणलेले दोन पिवळे बल्ब लावायचे. ट्यूबच्या उजेडात कातडी फिकी, हिरवट दिसते, म्हणून हात नकळत लाली वाढवतो. तोच चेहरा स्टेजच्या पिवळ्या दिव्यांत गेला की भडक होतो. ‘ज्या उजेडात पोरगं उभं राहणार, त्याच उजेडात रंगवायचं,’ एवढंच ते म्हणायचे.

माझी पाळी आली. आधी खोबरेल तेलाचं एक बोट सगळ्या चेहऱ्यावर. मग सफेद्यात, म्हणजे पांढऱ्या भुकटीत, पिवडी ही पिवळी माती कालवून तळहातावरच रंग जुळवला. मग हनुवटी धरली. तो हात मला अजून जाणवतो, खरखरीत आणि गरम. ‘हलू नगंस. आठ्या घाल बघू. आता हास. आता रुसून बस.’ प्रत्येक वेळी कातडी जिथं मुडपली, तिथं त्यांनी तपकिरी पेन्सिलची रेघ ओढली, बोटानं तिची एक कड पुसट केली आणि शेजारी उजळ रंगाची बारीक रेघ दिली. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर सुरकुती नसते, पण ती पुढं कुठं पडणार हे कातडीला ठाऊक असतं. केसांना जुन्या टूथब्रशनं सफेदा लावला.

आरशात पाहिलं आणि मला रडू फुटलं. तोंडावर नुसता चिखल! ‘मी नाही जात स्टेजवर,’ मी म्हटलं. खरं तर आमच्या बोलीत ‘मी न्हाई जात जावा’ असं काहीतरी म्हटलं असणार.

मामा रागावले नाहीत. आजोबांचं काम करणारा मुलगा रंगवून झाला होता. त्याला त्यांनी स्टेजवर उभा केला, शेजारी न रंगवलेला एक मुलगा उभा केला, आणि मला मंडपाच्या शेवटच्या रांगेत नेलं. तिथून न रंगवलेल्या मुलाला तोंडच नव्हतं. भुवया, ओठ, सगळं दिव्यांनी खाऊन टाकलेलं, नुसती एक उजळ चकती. आणि त्याच्या शेजारी एक म्हातारा उभा होता. थकलेला, गालफडं बसलेला. ‘हितं बसलेल्या माणसानं बी तिकीट काढलंय असं समजायचं,’ मामा म्हणाले. तिकीट वगैरे नव्हतं आमच्या गॅदरिंगला, पण मला कळलं.

पुढं मी त्याच शाळेत चित्रकलेची बाई झाले. पहिल्या वर्षी मावळ्याला मिशी लावायची होती. क्रेपची, म्हणजे नकली केसांची, वेणी उलगडून, ओली करून, वाळवून सरळ केली होती. मिशी चिकटवायचा स्पिरिट गम लावला, बोटानं टिचकवून चिकट होऊ दिला, मिशी दाबली. सगळं मामांसारखं, फक्त वरच्या ओठावर तेल लावायचं नसतं, हे विसरले. तेलावर गम धरत नाही. ऐन लढाईत मिशीची एक बाजू सुटली. त्या पोरानं डाव्या हातानं मिशी दाबून धरली, उजव्या हातात तलवार, आणि एकही वाक्य न गाळता खिंड लढवली. विंगेत मी त्याला पोटाशी धरलं तेव्हा तो थरथरत होता.

एका वर्षी गॅदरिंग केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेलं ते पॅलेस थिएटर. ज्यांचं नाव पुढं त्याला दिलं ते केशवराव याच गावचे, स्त्रीभूमिका करत मोठे झालेले. हे मी रंगपटात मुलांना सांगितलं, तेव्हा साडीला लाजणारा एक सातवीतला मुलगा निमूटपणे पुढं येऊन खुर्चीत बसला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, तेव्हा मला आधी तो मुलगा आठवला.

आता पालक घरूनच मेकअप करून पाठवतात. फोटोत छान दिसतो. पाचव्या रांगेपलीकडे पोचत नाही. त्याचं मला एवढं वाटत नाही. वाटतं ते सावळ्या मुलीला परी करायची म्हणून पांढरी फटक करतात त्याचं. मामा प्रत्येकाच्या कातडीला जुळेल अशी पिवडी कालवायचे. मीही तेच करते. गोरेपणाची मागणी आली तर सरळ नाही म्हणते. पुरळ उठत नाही ना, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आत रंग लावून बघते, स्पंजचे तुकडे ज्याचे त्याला वेगळे देते, एकाचं काजळ दुसऱ्याच्या डोळ्याला लावू देत नाही.

नाटक संपल्यावर खोबरेल तेल आणि जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन मी बसते, पण निम्मी पोरं सापडतच नाहीत. दाढीमिशांसकट, बाबांच्या गाडीवर मागं बसून, मफलर गुंडाळून पसार झालेली असतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजेरी घेताना मान वर करते, तर समोर बसलेल्या तीस-पस्तीस जोडी डोळ्यांभोवती काजळाची न निघालेली बारीक कड असते.